बीएस्सी झाल्यावर पुन्हा दोन वर्षांचं कॉलेज?

"ताई, सांगलीत मी बीएस्सी फर्स्ट क्लास. आणि इथे दोन वर्षांच्या कॉलेजात बसायचं, तेही कारखान्यातली मापं काढायला? आईला काय सांगू?"

मिशिगनमधल्या एका कम्युनिटी कॉलेजात मी समुपदेशन करते. दर सत्रात हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतंच. ही विचारणारी अडतिशीची (ओळखीचे तपशील बदलले आहेत). बारा वर्षं एच-फोर व्हिसावर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर घरी, आता ग्रीन कार्ड हातात. एच-फोरवर शिकता येतं, पण वेगळ्या परवान्याशिवाय नोकरी करता येत नाही. तरी रेझ्युमेतल्या रिकाम्या वर्षांची लाज तिलाच वाटत होती.

चूक माझीही झाली. पहिल्या भेटीत मी मेडिकल कोडिंग (आजार-उपचारांच्या नोंदींना बिलासाठी कोड देण्याचं काम) सुचवलं, आपल्याकडच्या बऱ्याच जणी तिकडे वळतात म्हणून. तिने माहितीपत्रकाची घडी घालून ते पर्समध्ये टाकलं. ते पुन्हा बाहेर येणार नाही, हे तेव्हाच कळलं.

पुढच्या वेळी तिला क्वालिटी कंट्रोलची, म्हणजे कारखान्यातला माल मापून तपासायला शिकवणारी लॅब दाखवायला नेलं. तिथे तापमान 20 अंश सेल्सिअस ठेवतात. मापनासाठी जगभर तेच प्रमाण धरलं जातं. शिक्षकांनी एक पोलादी पिन आणि बारीक मापं घ्यायचा व्हर्नियर हातात दिला. हिने वाकून डोळा स्केलच्या रेषेसमोर आणला आणि मगच आकडा वाचला. हे कुणी शिकवलं, असं त्यांनी विचारलं. "केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये ब्युरेटची नळी अशीच वाचायची. नाहीतर आमच्या मॅडम जर्नलवर सही करायच्या नाहीत."

मग ते म्हणाले, पिन मुठीत धरून ठेवू नको. 100 मिलिमीटरचं पोलाद 10 अंशांनी तापलं तर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढं वाढतं, आणि तेवढ्यावर माल नापास होऊ शकतो. ही पटकन मराठीत म्हणाली, "अगं बाई, म्हणजे मापात पाप!" त्यांना ते इंग्रजीत समजावताना माझी तारांबळ उडाली.

गणिताची धास्ती होती, ती अभ्यासक्रम उघडून दाखवल्यावर कमी झाली. सरासरी, प्रमाण विचलन (मापं सरासरीपासून किती विखुरली ते), कंट्रोल चार्ट (एकामागून एक मापं ठिपक्यांनी मांडलेला आलेख); कॅल्क्युलस नाही. खरं काम निघालं ते जुन्या डिग्रीचं. तिला वाटत होतं, इंग्रजीपासून सगळं पुन्हा करावं लागणार. असोसिएट डिग्रीला, म्हणजे या दोन वर्षांच्या पदवीला, साधारण 60 क्रेडिट लागतात, पण भारतातल्या गुणपत्रिकांचं मूल्यांकन करून घेतलं तर त्यातले काही माफ होऊ शकतात. किती, ते कॉलेज ठरवतं. म्हणून कुठल्या संस्थेचा अहवाल चालतो ते कॉलेजला आधी विचारायचं आणि मगच पैसे भरायचे. ती आधी छोटं सर्टिफिकेट करून नोकरीला लागली. बऱ्याच कंपन्या पुढच्या शिक्षणाची फी परत देतात. तिचीही देते, मात्र नाव घालण्याआधी मंजुरी घ्यावी लागते.

परवा तिने कंट्रोल चार्टचा फोटो पाठवला. सलग आठ ठिपके सरासरीच्या वर, पण सगळे मर्यादेच्या आत. ऑपरेटर म्हणत होता, माल तर पास होतोय. पण इतके ठिपके सलग एकाच बाजूला म्हणजे काहीतरी सरकतंय, म्हणून हिने मशीन थांबवायला लावलं. टूल झिजलेलं निघालं.

"आईला सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगितलं. म्हणाली, ते असू दे, डिग्री कधी मिळणार?"

दोन विषय राहिलेत. मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी येते.