ख्रिस्ती मतदाराने विवाह कायद्याबद्दल मत देताना चर्चची शिकवण पाहावी का?

तुम्ही विचारलंय की कॅथलिक माणूस लग्न अतूट मानतो, मग घटस्फोट सोपा करणाऱ्या किंवा समान नागरी कायदा आणू म्हणणाऱ्या पक्षाला त्याने मत द्यावं का. मी वसईची कॅथलिक. लग्न हा संस्कार आहे आणि तो मरेपर्यंतचा आहे, हे मी मनापासून मानते. तरी मत देताना मी आधी एवढंच बघते, की या कायद्याने अडलेल्या माणसाचं काय होणार.

याला कारण माझी मावशी. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला नवरा तिला टाकून गेला. वकिलाने तिला 1869 चा भारतीय घटस्फोट कायदा समजावून सांगितला. नवऱ्याने बायकोचा व्यभिचार सिद्ध केला की पुरे. बायकोने मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षं टाकून दिल्याचंही सिद्ध करायचं. नुसतं टाकलं म्हणून फार तर न्यायिक विभक्ती मिळायची, म्हणजे वेगळं राहायची मोकळीक, पण लग्न कायम. परस्परसंमतीची सोयच नव्हती. जिल्हा न्यायालयाने घटस्फोट दिला तरी त्यावर उच्च न्यायालयाची मोहर लागायची. मावशी कोर्टात गेलीच नाही. पुढे कुठलाही फॉर्म भरताना पतीच्या नावाच्या रकान्यापाशी तिचं पेन थांबायचं, ते मी बघितलंय.

यात ख्रिस्ताची शिकवण कुठे होती? हा कायदा इंग्रजांनी त्यांच्या 1857 च्या कायद्यावरून बेतला होता. खुद्द इंग्लंडने नवरा-बायकोतला हा भेद 1923 मध्ये काढून टाकला. आपल्याकडे मुंबई उच्च न्यायालयाने 1997 मध्ये तो घटनाबाह्य ठरवला आणि संसदेने 2001 मध्ये कायदा बदलला. त्यासाठी ख्रिस्ती महिला वर्षानुवर्षं झगडल्या. त्यांना धर्मबुडव्या म्हणणारेही होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

आपल्या चर्चमधलं लग्न आठवून बघा. वेदीसमोर वचनं होतात, मग नवरा-नवरी आणि साक्षीदार फादरांसमोर रजिस्टरमध्ये सह्या करतात. वचन देवापुढे असतं, सही 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्याखाली. चर्चच्या न्यायालयाने लग्न रद्दबातल ठरवलं तरी सरकारी कागदावर ते टिकतं. सर्वोच्च न्यायालयाने 1996 मध्ये आणि पुन्हा 2017 मध्ये तसं सांगितलंय. मग सरकारी कायदा सुधारला म्हणून माझं वचन कसं सैल होईल? आयर्लंडसारख्या कॅथलिक देशाने 1986 च्या सार्वमतात घटस्फोट नाकारला आणि 1995 मध्ये जेमतेम नऊ हजार मतांच्या फरकाने स्वीकारला. त्यानंतरही चर्चने आपली शिकवण बदलली नाही, आणि कुणी बदलायला लावलीही नाही.

समान नागरी कायद्याबद्दल मात्र मी लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. नावावर मत देऊ नये, मसुदा वाचावा. आजही परस्परसंमतीच्या घटस्फोटासाठी आपल्या कायद्यात दोन वर्षं वेगळं राहण्याची अट छापलेली आहे, हिंदू विवाह कायद्यात एकच वर्ष. केरळ उच्च न्यायालयाने 2010 मध्येच ती एका वर्षावर आणली. हा फरक जात असेल तर मला आनंदच आहे. पण उत्तराखंडच्या कायद्यात लग्नाशिवाय एकत्र राहणाऱ्यांनीही सरकारदरबारी नोंद करायची आहे, नाहीतर शिक्षा. सरकारने घरात इतकं शिरावं हे मला पटत नाही, मग चर्चला असं राहणं मान्य नसलं तरी.

प्रवचनात फादर विवेकबुद्धीने मत द्या म्हणतात, ते बरोबरच आहे. अमुक पक्षाला द्या असं कुणी वेदीवरून सांगू लागलं तर मिस्सा झाल्यावर भेटून त्यांना स्पष्ट सांगा, की हे चालणार नाही. धर्माच्या नावावर मत मागणं निवडणूक कायद्यालाही मंजूर नाही. आणि उमेदवार दारात आला की त्याला विचारा: टाकलेल्या बाईला पोटगी किती दिवसांत मिळेल, आणि चर्चमधल्या लग्नाची नोंद आहे तशीच चालेल का? आमच्याकडे आलेल्यांना मी हेच विचारते.