वाचकांचे प्रश्न : क्यूएएम खाली का उतरते?

प्रश्न : आष्ट्याजवळ गावातल्या घरापासून मळ्यातल्या वस्तीपर्यंत ६ किलोमीटरची ५.८ गिगाहर्ट्झची लिंक आहे. डिश दोन्हीकडे ८ मीटरवर, चॅनेल २० मेगाहर्ट्झचा. एप्रिलमध्ये सिग्नल −६० डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचे माप; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल जोरदार) होता आणि रेडिओ २५६-क्यूएएम दाखवायचा. आता सप्टेंबरात −७१ आणि १६-क्यूएएम. नॉइज (हवेतली नको असलेली रेडिओ गडबड) तेव्हाही −९०, आताही तेवढाच. बसवणारे म्हणतात चॅनेल ४० करा. करावा का?
– एक वाचक, ता. वाळवा

उत्तर : एवढ्यात नको. क्यूएएम म्हणजे रेडिओ लहरीची ताकद आणि फेज बदलून बिट पाठवण्याची पद्धत. लहरीची प्रत्येक ठरावीक स्थिती हा एक सिम्बॉल, म्हणजे नकाशावरचा एक बिंदू; १६-क्यूएएममध्ये असे १६ बिंदू असतात, २५६ मध्ये २५६. १६-क्यूएएममध्ये एका सिम्बॉलमागे ४ बिट जातात, ६४ मध्ये ६, २५६ मध्ये ८. दर दोन बिटांसाठी सिग्नल नॉइजच्या साधारण ६ डेसिबल आणखी वर लागतो, कारण तेवढ्याच ताकदीत चौपट बिंदू बसवले की ते जवळजवळ येतात आणि थोड्या नॉइजनेही एकाच्या जागी दुसरा वाचला जातो. एप्रिलमध्ये तुमच्याकडे ३० डेसिबल होते, आता १९ आहेत. रेडिओ खाली उतरला ते योग्यच. चॅनेल दुप्पट केला की नॉइजही दुप्पट आत येतो, म्हणजे आणखी ३ डेसिबल गेले. कागदावर वेग वाढलेला दिसेल, पण शेजारच्या लिंकचा त्रासही आत येईल आणि पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवण्यात तो वेग संपेल.

गेलेले ११ डेसिबल शोधा. पावसावर ढकलू नका. या फ्रिक्वेन्सीला नेहमीच्या पावसात एवढ्या अंतरावर एक-दोन डेसिबलच जातात, आणि पाऊस थांबला की परत येतात. रेडिओच्या पानावर दोन्ही चेनचे (रेडिओतल्या सिग्नलच्या दोन स्वतंत्र वाटांचे) आकडे वेगवेगळे पाहा. एकच चेन ३ डेसिबलपेक्षा जास्त पडली असेल तर त्या बाजूच्या कनेक्टरमध्ये पाणी शिरले आहे असे समजून तो बदला आणि रबर टेपने बंद करा. दोन्ही सारख्या पडल्या असतील तर वाऱ्याने डिश फिरली किंवा मध्ये झाड वाढले. डिश आधी डावी-उजवीकडे, मग वर-खाली, अगदी थोडी थोडी हलवून सर्वांत चांगल्या आकड्यावर घट्ट करा.

उंचीही बघाच. मध्यावर फ्रेस्नेल झोनची (दोन डिशमधल्या थेट रेषेभोवतीच्या, सिग्नलला लागणाऱ्या लांबट जागेची) त्रिज्या सुमारे ८.८ मीटर येते आणि तिचा ६० टक्के भाग, म्हणजे ५.३ मीटर, मोकळा हवा. चार मीटर ऊस आणि जमिनीच्या गोलाईचा अर्धा मीटर धरला तर सपाट रानातही डिश १० मीटरवर पाहिजे. नुसत्या उसाने मात्र ११ डेसिबल जाणार नाहीत. झाडाचा शेंडा थेट रेषेला टेकला तर ६ डेसिबलच्या आसपास जातात, ओला पाला आडवा आला तर त्याहून पुष्कळ.

पॉवर शेवटपर्यंत वाढवू नका. अॅम्प्लिफायर ताणला की क्यूएएमचे कोपऱ्यातले बिंदू आत दबतात आणि सिग्नल चांगला दिसूनही चुका वाढतात. २-३ डेसिबल कमी करून पाहा.

प्रश्न : आल्याच्या प्लॉटमधले ओलाव्याचे सेन्सर घरापासून २ किलोमीटरवर आहेत. त्यांनाही क्यूएएम चालेल का?
– एक वाचक, कोरेगाव

उत्तर : गरजच नाही. बारा बाइटच्या निरोपाला वेग नको, पोच हवी. ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झवर लोरा (कमी वेगाची, पण लांब पोचणारी रेडिओ पद्धत) घ्या, चॅनेल १२५ किलोहर्ट्झ. लोरामध्ये एसएफ म्हणजे स्प्रेडिंग फॅक्टर हा आकडा जितका मोठा तितका निरोप सावकाश जातो आणि लांब पोचतो. एसएफ १२ वर सिग्नल नॉइजच्या २० डेसिबल खाली असला तरी वाचता येतो, पण एका निरोपाला दीड सेकंद लागतो. एसएफ ७ वर ६० मिलिसेकंदांत काम होते. बॅटरी त्यातच वाचते. म्हणून ७ पासून सुरुवात करा, निरोप गळू लागले तरच एकेक पायरी चढवा.