पांगरचुल्ला, एप्रिलअखेर: दिवसाचं ऊन नको, रात्रीचं आकाश विचारा

"आठवडाभर स्वच्छ ऊन दाखवतंय, आयोजक सकाळी सहाला निघू म्हणतात, मग हिमस्खलनाची भीती कशाला?" उत्तराखंडच्या गढवालातल्या पांगरचुल्ला शिखराच्या ट्रेकबद्दल विचारताना तुम्ही लिहिलेलं हे वाक्य वाचलं आणि राहवलं नाही. क्रँपॉन (बुटांना लावायचे काटे), थर्मल, दमसास यावर इतरांनी भरपूर लिहून झालंय, ते सोडतो.

मी गाईड नाही, फक्त बरीच वर्षं या दिवसांत गढवालात जातोय, तेव्हा त्या बेताने घ्या. एप्रिल-मेमध्ये रात्र निरभ्र असेल तर दिवसा वितळलेला बर्फ पुन्हा गोठतो आणि पहाटे कडक मिळतो. ढगाळ रात्री तो नीट गोठतच नाही. मग सकाळी ऊन चढलं की पाणी थरांत झिरपतं, कणांची पकड सुटते आणि 30 ते 45 अंशांचे उतार घसरायला मोकळे. आधी पूर्वेकडचे, मग दक्षिणेकडचे, दुपारी पश्चिमेचे.

आमच्या बॅचला नेमकी अशीच रात्र मिळाली. ढग, वर भुरभुर पाऊस. स्थानिक गाईड म्हणाला, आज नको. त्याने आयोजकांच्या शहरातल्या ऑफिसला फोन लावला (नाव लिहीत नाही, विचारूही नका). तिथल्या साहेबांनी मोबाइलवरचं सूर्याचं चित्र बघून हुकूम सोडला, "मौसम साफ है, बॅच निकालो." उजाडल्यावर निघालो. नऊच्या सुमारास पाय गुडघ्यापर्यंत रुतायला लागले, वरून बर्फाचे गोळे आपोआप घरंगळत येऊ लागले. गाईडने कुणालाही न विचारता सगळ्यांना मागे फिरवलं. आम्ही बाजूच्या धारेवर आलो आणि थोड्याच वेळात मघाची वाट बर्फाखाली गेली. ओला बर्फ कोरड्यासारखा उधळत येत नाही, संथ येतो. पण थांबला की काँक्रीटसारखा बसतो, हाताने उकरणं विसरा.

परतल्यावर ऑफिसचं उत्तर: समिटचा प्रयत्न झाला, त्यामुळे रिफंड नाही. पुढच्या ट्रेकसाठी सवलतीचं कूपन मात्र पाठवलं! आणि हुकूम मोडला म्हणून गाईडची मजुरी कापली. माझे पैसे गेले ते गेले, पण ज्याच्यामुळे आम्ही घरी आलो त्याचीच मजुरी कापावी? अजून डोकं फिरतं.

ज्यांना हे अतिरंजित वाटेल त्यांच्यासाठी: 4 एप्रिल 2023 ला सिक्कीममध्ये नथुलाच्या रस्त्याजवळ हिमस्खलनात सात पर्यटक गेले, तेही भर दिवसा. उत्तराखंडात माणा गावाजवळ 28 फेब्रुवारी 2025 ला मजुरांवर आलेलं वेगळं, ते चालू बर्फवृष्टीतलं. तोही धोका एप्रिलमध्ये संपत नाही. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून येणारं पाऊस-बर्फाचं वातावरण) येऊन ताजा बर्फ पडला तर निदान एक-दोन दिवस उतारांपासून लांब राहा.

डीआरडीओची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे जिल्हावार इशारे देते. पांगरचुल्ला चमोली जिल्ह्यात येतं, तिथला बघत जा. पण तो जिल्ह्याचा असतो, तुमच्या उताराचा नाही. बीकन (बर्फाखाली गाडलेल्याचा ठावठिकाणा सांगणारं रेडिओ यंत्र) एकट्याने लावून उपयोग शून्य. सोबत्यांकडेही बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी), फावडं हवं आणि वापरता यायला हवं, कारण गाडलेल्या माणसासाठी पहिली दहा-पंधरा मिनिटंच मोलाची. आपल्याकडच्या व्यावसायिक ट्रेकवर हे मी तरी पाहिलं नाही. म्हणून माझं मत सरळ आहे: वेळ पाळा. पोहे खाऊन आठला निघायची सह्याद्रीतली सवय इथे चालत नाही. रात्री दोन-तीनला निघा, दहाच्या आत मोठे उतार उतरलेले असा. शिखर राहिलं तर राहू दे.

जाता जाता: परवान्याशिवाय सॅटेलाइट कम्युनिकेटर (उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) नेऊ नका, विमानतळावरच अडकाल. नाकपुड्यांच्या खालीही सनस्क्रीन लावा, बर्फावरून ऊन खालूनही भाजतं.

पैसे भरण्याआधी आयोजकांना ईमेलवर विचारा की मागे फिरण्याचा शेवटचा शब्द कॅम्पवरच्या गाईडचा की ऑफिसचा. "दोघं मिळून ठरवतात" असं उत्तर आलं, तर मी तरी पैसे भरणार नाही.