दिवे घाटाच्या अलीकडे-पलीकडे पडलेलं पाणी वेगवेगळ्या नद्यांना जातं का?

हो, घाटमाथा हा पाणलोटाचा दुभाजकच आहे: पुण्याच्या बाजूचं पाणी मुळा-मुठेतून भीमेला जातं, सासवडच्या बाजूचं कऱ्हेला. भुलेश्वरच्या डोंगररांगेने हे दोन उतार वेगळे केलेत. माथ्यावर उभं राहिलं की एका अंगाला मस्तानी तलाव दिसतो, दुसऱ्या अंगाला कऱ्हेचं पठार पसरलेलं असतं. कऱ्हेच्या दक्षिणेला पुरंदर-वज्रगडाची रांग, म्हणजे खोरं तसं चिंचोळंच. सासवडला संगमेश्वरापाशी चांबळी तिला मिळते, पुढे जेजुरीजवळ नाझरे धरण, मग मोरगाव, बारामती, आणि सोनगावपाशी ती नीरेत जाते. गंमत म्हणजे नीरा नरसिंहपूरला नीरा भीमेला मिळते, त्यामुळे घाटावर फुटलेलं पाणी तिथे पुन्हा एकत्र येतं!

मात्र ‘जातं’ हे उताराच्या हिशेबाने. कऱ्हेचं खोरं पर्जन्यछायेत आहे, जे पडतं त्यातलं बरंचसं बंधारे, विहिरी आणि नाझरे धरणातच अडतं, आणि उन्हाळ्यात पात्र कोरडं असतं. पण म्हणून पात्रात बांधकाम करू नये, सप्टेंबर २०१९ मध्ये याच नदीला एका रात्रीत महापूर आला होता.