अणुवीज केंद्रात एखादं वायरिंग कनेक्शन सैल राहिलं तर अणुभट्टीला धोका होतो का?

एका सैल कनेक्शनने सहसा होत नाही, कारण सुरक्षेच्या पंपांचे आणि व्हॉल्व्हचे किमान दोन स्वतंत्र संच असतात आणि त्यांच्या केबल वेगवेगळ्या मार्गांनी नेलेल्या असतात. १९७५ साली अमेरिकेत ब्राउन्स फेरी केंद्रात केबलना आग लागली, त्यानंतर हे नियम फार कडक झाले. टर्मिनलचा स्क्रू नीट आवळलेला नसेल तर तिथला रोध वाढतो, जागा तापते, ऑक्साइड चढतं, रोध आणखी वाढतो. पॉवर सर्किटमधला हा ताप थर्मल कॅमेऱ्यात दिसतो. कंट्रोल सर्किटमध्ये प्रवाह इतका कमी असतो की बहुधा काहीच दिसत नाही, तिथे तार हलकेच ओढूनच बघावी लागते. मात्र क्रिंपिंगची (तारेच्या टोकावर धातूचा जोड दाबून बसवण्याची) तीच चूक दोन्ही संचांत झाली असेल, तर दोन्ही एकदम निकामी होऊ शकतात. खरी काळजी याचीच करायला हवी.