तालुक्याच्या वाचनालयात कोणते कार्यक्रम घ्यावेत? पैसे नाहीत आणि लोकही येत नाहीत

तुम्ही लिहिलंय की सकाळी पेपर वाचायला चार वयस्कर माणसं येतात, नंतर दिवसभर खुर्च्या रिकाम्या, आणि आता कमिटी म्हणायली की कार्यक्रम घ्या म्हणजे सभासद वाढतील. मी बीड जिल्ह्यात एका तालुक्याच्या गावी सरकारी वर्गवारीतल्या ‘ब’ वर्गाच्या वाचनालयात ग्रंथपाल आहे, परिस्थिती तुमच्यासारखीच होती, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सरकारी दिवस तर कराच. 12 ऑगस्टला ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची जयंती म्हणजे ग्रंथपाल दिन, 15 ऑक्टोबरला कलामांच्या जयंतीचा वाचन प्रेरणा दिन, 27 फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिन. दिवस चांगलेच आहेत आणि तपासणीला फोटो-अहवालही लागतात. पण फोटोला हार, दोन भाषणं, चहा, आभार एवढ्यावर आटोपलं तर आलेली माणसं तीच असतात जी एरवीही येतात. मी एकच बघतो, की जो माणूस आज आपली पायरी चढत नाही तो आठवड्यातून कधी मोकळा असतो आणि त्याला सध्या कशाची नड आहे. कार्यक्रम त्याच्याभोवती लावायचा आणि त्याच दिवशी त्याच्या हातात पुस्तक देऊन घरी पाठवायचा. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे, लोक म्हणतात "येतो उद्या नोंदणीला" आणि उद्या कुणी येत नाही, म्हणून सभासदाचे फॉर्म, पावतीबुक आणि देवघेवीचं रजिस्टर कार्यक्रमाच्या जागीच टेबलावर पाहिजे.

आमच्याकडं सगळ्यात जास्त फरक संक्रांतीनं पडला. संक्रांत ते रथसप्तमी बायका तशाही घराबाहेर पडतात, वाण लुटायला जातात, मग एक दिवस वाचनालयात का नको. आम्ही त्याला तिळगुळाचा कार्यक्रम म्हणतो, हळदी-कुंकू म्हणत नाही, कारण विधवा बायकांना तिथं जागा नसते आणि आमच्या गल्लीत वाचायची खरी आवड असणाऱ्या दोघी-तिघी त्याच आहेत, त्यांना आम्ही घरी जाऊन निरोप देतो. वाण म्हणून 20-30 रुपयांची पातळ पुस्तकं, ती देणगीतून मिळतात, गावातले दुकानदार देतात. आणि बाजूच्या टेबलावर घरी न्यायची पुस्तकं मांडून ठेवायची, कपाटात बंद नाही, मांडून, म्हणजे हातात घेऊन चाळता येतात. एक बाई फॉर्म भरताना थांबली आणि मला विचारलं, "नाव मालकाचं टाकायचं का?" मी म्हणलं तुमचंच टाका, वाचणार तुम्ही आहात. तिनं स्वतःचं पूर्ण नाव सावकाश लिहिलं, मग फोटो लागत नाही ना, आधार लागत नाही ना, सगळं विचारून घेतलं. तवापासून मी फॉर्म भरताना प्रत्येक बाईला आधीच सांगतो की नाव तुमचं, सही तुमची. बायकांची देवघेव दुपारी 2 ते 4 ठेवा, संध्याकाळी त्यांना स्वयंपाक असतो, हे कमिटीतल्या पुरुषांना सुचत नाही.

शेतकऱ्यांसाठी आठवडी बाजाराचा दिवस धरा, गावोगावची माणसं तशीही तालुक्याला येतात, त्यांना वेगळं बोलवायची गरजच पडत नाही. मे संपता संपता पेरणीच्या आधी आम्ही सोयाबीनची उगवण तपासून दाखवतो. ओलं गोणपाट घ्यायचं, त्यावर घरच्या बियाण्याचे 100 दाणे रांगेत मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, ओल टिकवायची आणि आठवड्याभरात किती उगवले ते मोजायचे, 70 किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायला चालतं, कमी असेल तर एकरी बियाणं वाढवावं लागतं नाहीतर बदलावं लागतं. गुंडाळ्या वाचनालयातच ठेवतो, त्यामुळं पुढच्या बाजाराला माणूस स्वतःचे दाणे मोजायला परत येतोच. सांगायला कृषी खात्याची माणसं येतात, कृषी विज्ञान केंद्राचे लोक येतात, मानधन मागत नाहीत, फक्त दोन आठवडे आधी पत्र द्या. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाची प्रकाशनं त्या दिवशी टेबलावर ठेवा, जी पुस्तकं वर्षभर कुणी हलवली नाहीत ती त्या दिवशी जातात. खरिपात ई-पीक पाहणीच्या, म्हणजे आपल्या पिकाची नोंद ॲपवर करायच्या वेळी अभ्यासिकेतली पोरं मोबाईलवर कसं करायचं ते शिकवायला बसतात, ॲप लई जणांना जमत नाही, तिथंही गर्दी होते.

अभ्यासिकेचं निघालंच म्हणून सांगतो, पोलीस भरती आणि एमपीएससीची पोरं दिवसभर बसतात पण कथा-कादंबरीच्या कपाटाकडं फिरकत नाहीत अशी तक्रार सगळे करतात. मला ती पोरं म्हणजे वाचनालयाचा आधार वाटतात. दहावीच्या लेकरांची गणिताची शंका, रविवारची सराव परीक्षा, नकाशा वाचन, हे सगळं तीच घेतात आणि शिकवल्यानं त्यांचीही उजळणी होते. मुलींसाठी आतल्या बाजूला वेगळी जागा आणि दिवसाची वेळ ठेवा, आईबाप पाठवतात मग.

आता आमच्या भागाची अडचण. दसरा-दिवाळीनंतर डोंगरपट्ट्यातली गावं ऊसतोडीला जातात, अर्धा तालुका रिकामा होतो आणि ग्रंथालयाचे निम्मे कार्यक्रम नेमके त्याच महिन्यांत असतात. काही लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात, हंगामी वसतिगृहातून जेवण मिळतं, पण संध्याकाळ मोठी असते. त्यांच्यासाठी शाळेच्या ओट्यावर 6 ते 7 गोष्टीचा तास घ्या, तिथं वाचनालयानं जायचं, लेकरांना बोलवायचं नाही. मोठ्यानं वाचून दाखवायचं, गोष्ट अर्ध्यात सोडायची आणि पुस्तक तिथंच ठेवून यायचं, बघा किती हातांतून फिरतं. आणि जी लेकरं आईबापासोबत टोळीत जातात त्यांच्यातल्या एखाद्या मोठ्या मुलीकडं पिशवीभर पुस्तकं द्या, नोंद करून. परत येताना काही फाटतात, काही येत नाहीत. नाही आली तर नाही आली, कमिटीत हा खर्च आधीच मंजूर करून घ्या म्हणजे त्या लेकराकडून कुणी दंड मागणार नाही. पुस्तक हरवेल म्हणून लेकराला न देणं मला अजिबात मान्य नाही.

17 सप्टेंबरला मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन झालं की आम्ही म्हाताऱ्या माणसांना बोलतं करतो. निजामाच्या काळात गश्ती निशाण 53 नावाचा सरकारी हुकूम होता, परवानगीशिवाय सभा घेता येत नव्हती, तेव्हा वाचनालयात पेपर वाचायला जमणं हेच मोठं काम होतं. 1948 ला जो 10 वर्षांचा होता तो आज 85 च्या पुढं आहे, त्यामुळं हा कार्यक्रम पुढच्या वर्षीवर ढकलू नका. स्टेज लावू नका, घोळका करून बसा, मोबाईलवर रेकॉर्ड करा आणि एखाद्या कॉलेजच्या पोरीकडून लिहून घ्या. आमच्याकडं उर्दू पेपर वाचणारे मोमीनपुऱ्यातले आजोबाही येतात, त्यांच्या आठवणी वेगळ्या असतात, त्या पण तितक्याच शांतपणे ऐकायच्या.

पैशाचं थोडक्यात सांगतो. 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळतं, ते हप्त्यानं येतं आणि पगार-पुस्तकांतच संपतं, त्यावर कार्यक्रम उभा राहत नाही. पुस्तकांसाठी कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजना आहेत, बालविभागासाठी पण आहे, जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या ऑफिसात जाऊन अर्ज कधी निघतात ते विचारा. बाकी कार्यक्रमाचा खर्च म्हणजे सतरंजी, माईक आणि चहा. पाहुण्यांचे शाल-श्रीफळ बंद केले तर एवढा खर्च सहज निघतो, आम्ही पाहुण्याला त्याच्या आवडीचं एक पुस्तक वाचायला देतो आणि परत करायला यायचं सांगतो. दिवाळी अंकांची योजना मात्र चुकवू नका, एकदा वर्गणी भरली की महिना-दोन महिने सगळे अंक आलटून पालटून वाचायला मिळतात, जुने सभासद यावरच टिकतात.

उन्हाळ्यात दुपारी काही घेऊ नका, आपल्याकडं 42 च्या पुढं पारा जातो आणि लाईटचा भरवसा नसतो, सकाळी 8 नाहीतर संध्याकाळी 7 नंतर. सगळं एकदम पण सुरू करू नका, पहिल्या वर्षी एक बायकांचा आणि एक लेकरांचा एवढंच धरा. तुमच्या गावचा बाजार कोणत्या वारी असतो आणि वाचनालयात लेकरांची पुस्तकं साधारण किती आहेत ते खाली लिहा, त्यावरून पहिला कार्यक्रम कोणता घ्यायचा ते सांगतो.