३क्ष − ४य + ७ = ० ला समांतर आणि (२, −५) मधून जाणारी रेषा कशी काढायची?

चढ काढत बसू नका. समांतर रेषांचा चढ सारखाच असतो, त्यामुळे क्ष आणि य चे सहगुणक तसेच ठेवा, फक्त स्थिर पद बदला: ३क्ष − ४य + क = ०.

आता बिंदू घाला: ३(२) − ४(−५) + क = ०, म्हणजे ६ + २० + क = ०, क = −२६.

उत्तर: ३क्ष − ४य − २६ = ०.

बहुतेक चुका −४ × −५ इथेच होतात. ते −२० धरलं की क = १४ येतो आणि रेषा समांतरच दिसते, म्हणून चूक लक्षात येत नाही. बिंदू पुन्हा घालून पाहा: ६ + २० − २६ = ०. आणि क = ७ आला असता तर? मग बिंदू मूळ रेषेवरच असता, वेगळी समांतर रेषा मिळाली नसती.

चढ विचारलाच तर तो ३/४, −३/४ नव्हे. य चा सहगुणक ऋण आहे.